सर निवृत्त होण्याआधी

मॅडम, वाशीच्या कॉलेजात रुजू होऊन महिना होतोय तोच ‘नॉलेज रिपॉझिटरी’, म्हणजे कॉलेजातलं ज्ञान एका जागी साठवून जपायचं काम, तुमच्या गळ्यात पडली म्हणता. पडायचीच, नवीन माणसाच्याच गळ्यात पडते. सॉफ्टवेअरचा घोळ आधी घालू नका. डीस्पेस हे असा साठा ठेवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, 2002 पासून वापरात आहे, ते नंतर बसवता येईल. आधी यंदा कोण निवृत्त होतंय ते बघा.

आमच्याकडे प्रयोगशाळेतले एक सहायक गेले आणि एका जुन्या यंत्राची नस त्यांच्याबरोबर गेली. मॅन्युअल कपाटात होतं; पण पावसाळ्यात ते तासभर आधी चालू करून ठेवावं लागतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. असल्या ज्ञानाला मायकेल पोलानी हा विचारवंत ‘टॅसिट’ म्हणायचा, म्हणजे हातात मुरलेलं पण शब्दांत न मांडलेलं. ते फॉर्मात उतरत नाही, आणि फॉर्म तसेही कोणी भरत नाही. चहा घेऊन शेजारी बसा, हात कसे चालतात ते बघा, परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग विषय. ‘फायनल नवीन 2’ दिसलं की माझं डोकं उठतं. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या देशभरच्या ऑनलाइन प्रबंधसाठ्यात जातात, त्यांची चिंता नको. प्रश्नसंच, प्रात्यक्षिकांच्या नोंदी आणि फसलेले उपक्रम जपा. फसलेले तर सगळ्यात आधी, कारण ते कोणी स्वतःहून देणार नाही.

पहिली यादी झाली की सांगा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलनेच येता ना? वाशीपर्यंत बोलणं होईल, बसायला जागा मिळाली तर.