वाचकांचे प्रश्न : वाडीवरची शाळा आणि पटावर मोजलेले अनुदान

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा पाटण तालुक्यातील एका वाडीवर आहे. पहिली ते चौथीची मिळून १४ मुले आणि दोन शिक्षक आहेत. शाळेला वर्षाला १०,००० रुपये अनुदान येते आणि त्यातूनच विजेचे बिल, खडू, झाडू, फिनेल आणि पावसाळ्यापूर्वीची पत्र्याची डागडुजी भागवावी लागते. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) गावातील ९५ पटाच्या शाळेला २५,००० रुपये मिळतात. याविषयी विचारले असता ‘मुलामागे पाहिले तर तुम्हालाच जास्त मिळते’ असे सांगण्यात आले. हे न्याय्य म्हणायचे का?
— शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, पाटण तालुका

उत्तर : आपणांस सांगितलेला हिशेब आकड्यांपुरता बरोबर आहे. आपल्या शाळेत मुलामागे ७१४ रुपये पडतात आणि ९५ पटाच्या शाळेत २६३. मात्र आपला प्रश्न पत्र्याचा होता आणि पत्रा पट पाहून गळत नाही. वळवाच्या वाऱ्याने कड उचलली की हूक आणि वायसर बदलणे, गवंड्याला वाडीपर्यंत आणण्याचे जीपभाडे, विजेच्या बिलातील स्थिर आकार, पाण्याच्या टाकीची तोटी, हे सारे खर्च शाळा चालू आहे एवढ्याच कारणाने होतात. १४ मुले असली काय आणि ४० असली काय, त्यांत फारसा फरक पडत नाही. उलट कोयनेच्या खोऱ्यात पाऊस जास्त आणि बाजारपेठ लांब असल्यामुळे तेच काम सपाटीवरच्या गावापेक्षा महाग पडते.

हे अनुदान कसे ठरते ते आधी पाहू. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान यांना एकत्र करून समग्र शिक्षा योजना सुरू झाली. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. शाळांना मिळणारे संयुक्त शाळा अनुदान याच योजनेतले असून ते पटाच्या टप्प्यांवर बांधलेले आहे : ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० साठी २५,०००, १०१ ते २५० साठी ५०,०००, त्यापुढे १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. आता या टप्प्यांच्या कडा पाहाव्यात. ३० पटाच्या शाळेत मुलामागे ३३३ रुपये येतात आणि एकच नाव वाढून पट ३१ झाला की ८०६. पुढे १०० पटाच्या शाळेत ही रक्कम २५० पर्यंत घसरते आणि १०१ व्या मुलाबरोबर ४९५ वर जाते. अशा उड्या घेणारा नियम समानतेचा आहे असे म्हणता येत नाही आणि गरजेचा तर मुळीच नाही. तो कचेरीत बसून तक्ता भरण्यास सोपा आहे, एवढेच त्याचे समर्थन मला दिसते.

मी केंद्रप्रमुख (शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी) असताना अशाच एका वाडीच्या शाळेची कीर्द तपासली होती. मार्चअखेरच्या चार दिवसांत फिनेल, खडूचे बॉक्स आणि कागदाची रिमे यांच्या पावत्यांनी दोन पाने भरलेली होती, कारण खर्चाची मर्यादा (खात्यातून खर्च करता येईल त्या रकमेची मंजुरी) तेव्हाच आली होती आणि वापरली नाही तर ती परत जाणार होती. आदल्या ऑगस्टच्या पानावर एकच नोंद होती : प्लॅस्टिकचा कागद, १२ मीटर. तिच्यापुढे रक्कम नव्हती, पेन्सिलीने ‘गुरुजींकडून’ असे लिहिलेले होते. पैसा किती येतो याच्याइतकेच तो केव्हा येतो हेही महत्त्वाचे असते, हे मला त्या पानाने जितके नीट समजावले तितके एकाही प्रशिक्षणाने समजावले नाही.

असो. आपल्या हाती काय आहे, ते सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि शासनाने अथवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच असेल, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे गरज आधी आणि रक्कम नंतर, हा क्रम कायद्यानेच घातलेला आहे. व्यवहारात रक्कम आधी कळते आणि आराखडा तिच्या मापाने बेतला जातो. बहुतेक शाळांत तो गतवर्षीचा उतरवून काढतात, आणि याचा दोष केवळ शासनाकडे जात नाही.

म्हणून यंदाचा आराखडा समितीच्या बैठकीत स्वतः लिहावा. ‘छत दुरुस्ती आवश्यक’ असे मोघम लिहून काही होत नाही. कोणत्या खोलीचे किती पत्रे, कोणत्या भिंतीला ओल, शौचालयाला पाणी आहे की नाही, हे मोजमापासह नोंदवावे आणि पंचायत समितीच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घेऊन जोडावे. छताची दुरुस्ती १०,००० रुपयांत बसवण्याचा प्रयत्नच करू नये. वर्गखोल्यांची बांधकामे व मोठ्या दुरुस्त्या यांसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी जिल्हा परिषदेमार्फत मिळतो आणि त्यासाठी प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वेळेत गेलेला असावा लागतो. पाणी आणि शौचालय यांसाठी ग्रामपंचायतीकडे जावे. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के बंधित भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला होता, तरी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचे नाव अनेकदा नसते, कारण ग्रामसभेत ते कोणी घेतलेलेच नसते.

‘मुलामागे जास्त’ या वाक्याबाबत आणखी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. शाळेच्या एकूण खर्चाचा मोठा भाग शिक्षकांचे वेतन हा असतो आणि ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक, हे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीतच दिलेले आहे. त्या दोन वेतनांना १४ ने भागले की आकडा मोठा दिसणारच, आणि मग तोच आकडा शाळा बंद करण्याच्या किंवा दुसरीकडे जोडण्याच्या प्रस्तावात वापरला जातो. तो भागाकार ज्या बैठकीत मांडला जाईल तेथे पुढची शाळा किती अंतरावर आहे, वाटेत ओढा किंवा जंगल आहे का, आणि सहा वर्षांचे मूल जुलैमध्ये तेथवर कसे जाईल, हे आपण लेखी नोंदवून घ्यावे.

प्रश्न : माझ्या मुलाला पहिलीत दाखल करताना शाळेने ‘शाळा विकास निधी’ म्हणून १,५०० रुपये मागितले. शाळा अनुदानित आहे. पावती मागितली तर ‘लोकवर्गणी आहे, पावती कशाला’ असे म्हणाले. हे पैसे द्यावेत का?
— एक पालक, कोरेगाव

उत्तर : प्रवेशासाठी अट म्हणून मागितले असतील तर देऊ नयेत. वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम १३ ने प्रवेशाच्या वेळी देणगी घेण्यास मनाई केली असून, उल्लंघन झाल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी.

लोकवर्गणी हा शब्द मात्र आपल्या जिल्ह्यात इतक्या सहजी वापरला जाऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या बाया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्याच्या घरी धान्य नव्हते त्याच्या मुलालाही त्याच पंगतीत जेवायला मिळे. आपल्याकडे मागितलेली वर्गणी ज्याच्याजवळ नाही त्याच्या मुलाचे दाखल होणे अडते, आणि एवढ्या फरकाने ती वर्गणी राहत नाही. शाळेची अडचण खरी असणे शक्य आहे. अनुदानित शाळांना वेतन मिळते, पण वेतनेतर अनुदान तोकडे आणि उशिरा येते, ही मुख्याध्यापकांची तक्रार जुनी आहे. तिचा जाब पालकांच्या रांगेला विचारण्याचे कारण नाही.

प्रश्न : सातारा शहरातील माझ्या घरपट्टीच्या बिलात दरवर्षी ‘शिक्षण कर’ असतो. तो आमच्या प्रभागातील शाळेला मिळतो का?
— एक ज्येष्ठ नागरिक, सातारा

उत्तर : थेट मिळत नाही. हा कर राज्याच्या १९६२ च्या कायद्याने शहरी भागातील मिळकतींवर बसवलेला आहे. नगरपालिका तो केवळ वसूल करते आणि राज्य शासनाकडे भरते. आयकरावरील ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर हा वेगळा असून तो केंद्राकडे जातो. प्रभागातील शाळेवर नगरपालिका स्वतः काय खर्च करते हे पाहायचे असल्यास तिच्या अंदाजपत्रकातील शिक्षणाचे पान मागावे. त्यासाठी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो.