कढीपत्ता थंडीने काळा पडलाय, छाटू का?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही डॅलसला मुलाकडे गेलो होतो. इकडे फर्नेस बंद पडला. परतलो तेव्हा थर्मोस्टॅट ३४ फॅरनहाइट दाखवत होता. पाइप वाचले, पण खिडकीशी ठेवलेला कमरेएवढा कढीपत्ता गेला. पानं भिजल्यासारखी लोंबली, काळी पडली, झडली. आता नुसत्या काड्या आहेत. कुंडी स्पेस हीटरशेजारी ठेवली आहे. छाटू का? मैत्रीण म्हणते, आंबट ताक घाल. सासूबाई जूनमध्ये पुण्याहून येताना नवं रोप आणीन म्हणतात.
– एक वाचक, मिनीॲपोलिस

उत्तर : आधी तो हीटर हलवा. कोरड्या गरम झोताने उरल्यासुरल्या काड्याही वाळतील. ६० ते ७० फॅरनहाइटची उजेडाची जागा बघा, पण काचेला खेटून नको. तुमचा थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर असणार. तिथे ३४ म्हणजे काचेजवळ नक्कीच ३२च्या खाली. पानांतल्या पाण्याचा बर्फ झाला की पेशी फुटतात, म्हणून ती भिजल्यासारखी दिसली. ती पानं गेलीच. झाड गेलं असं मात्र मी इतक्यात म्हणणार नाही.

शेंड्याकडची एक काडी धरा आणि नखाने साल हलकेच खरवडा. खाली कोरडं, तपकिरी लागलं तर तेवढा भाग मेला. थोडं खाली सरका, पुन्हा खरवडा. कुठेतरी ओलसर पोपटी रंग दिसेल, तिथे दोरा बांधून ठेवा. काही आठवड्यांनी परत बघा. गारठ्याचं नुकसान सगळं एकदम दिसत नाही, हिरवी रेघ दोऱ्याच्याही खाली उतरू शकते. म्हणूनच आत्ता छाटू नका. जे बुळबुळीत, काळं झालंय तेवढं काढा, नाहीतर बुरशी धरेल. बाकीची कात्री नवी फूट दिसल्यावर.

आता पाणी. थंडीतून वाचलेली झाडं पुढे मरतात ती बहुतेक लाडाने. पानंच नाहीत तर झाड पाणी ओढणार कशाने? माती ओली राहते, मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. खत नवी पानं नीट उलगडेपर्यंत नाही. ताकाचं म्हणाल तर आपल्याकडे अंगणातल्या कढीपत्त्याला ते पिढ्यान्‌पिढ्या घालतात, माझा त्याला विरोध नाही. पण बंद घरात, जानेवारीत, ओल्या कुंडीत ताक घातलं तर वास सुटेल आणि चिलटं होतील. ताकाची कढी करा. (कढीपत्ता तूर्त दुकानातला.)

खोड जमिनीपर्यंत वाळलं तरी कुंडी फेकू नका. कढीपत्ता मुळांपासून फुटवे काढणारं झाड आहे. मोठ्या कुंडीतली ओली माती हवेइतकी पटकन गार होत नाही, त्यामुळे मुळं शाबूत असण्याची शक्यता बरी आहे. शंका असेल तर कडेची माती उकरून एक मूळ बघा : टणक असेल तर जिवंत, काळं, लिबलिबीत आणि घाण वासाचं असेल तर नाही. मे संपेपर्यंत वाट बघा.

सासूबाईंना मात्र आजच फोन करा. रोप नको, आणि ताजा पालाही नको. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना छळणारी सिट्रस सिला ही रस शोषणारी कीड कढीपत्त्यावरही पोसते आणि लिंबूवर्गातल्या झाडांना ग्रीनिंग रोग लावते. त्यामुळे अमेरिकेत या पाल्यावर कडक निर्बंध आहेत, विमानतळावर तो काढून घेतात.

नवी फूट आली की कुंडी बाहेर न्यायची घाई होईल. रात्रीचं तापमान सलग ५०च्या वर राहू लागल्यावरच न्या. तुमच्याकडे ते मेअखेर किंवा जून. पहिला आठवडा सावलीत ठेवा, मग उन्हात.