११ वर्षांच्या मुलीला निवडणुकीत खूप रस आहे, तिला प्रचारफेरीत किंवा मतदान केंद्रात नेलं तर चालेल का?

प्रचारफेरीत अजिबात नेऊ नका आणि मतदानाच्या खोलीतही तिला सोडणार नाहीत, बाकी तिचा रस मात्र जरूर वाढू द्या. मी शिक्षक आहे, बूथवर ड्युटी केलीये, त्यामुळे हे नियम माहितीयेत. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्या पक्षांना स्पष्ट सांगितलंय की लहान मुलांना पत्रकं वाटायला लावणं, पोस्टर चिकटवायला लावणं, घोषणा द्यायला लावणं, रॅलीत फिरवणं यातलं काहीच चालणार नाही. आणि मतदाराबरोबर आत फक्त कडेवरचं मूल चालतं, १९६१ च्या नियमांतच तसं आहे. हां, एक आहे, आईवडिलांसोबत मूल एखाद्या नेत्याच्या जवळपास नुसतं उभं असेल, प्रचाराचं काही करत नसेल, तर तो नियमभंग धरत नाहीत, म्हणजे चौकात नेता आला आणि तुम्ही तिला घेऊन बघायला थांबलात तर घाबरू नका.

घरी करण्यासारखं खरं तर खूप आहे. आयोगाच्या साइटवर प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र असतं, त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या मतदारसंघातल्या दोन उमेदवारांची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवून तिला वाचू द्या आणि तिने काही विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणून गप्प बसवू नका प्लीज. १७ पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आधीच भरता येतो, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.