मला माहीतच नव्हतं, तरी दोष माझाच?

‘मला माहीतच नव्हतं’ हे वाक्य समुपदेशनात माझ्यासमोर दोन सुरांत बोललं जातं. कुणी ते रडत म्हणतं आणि लगेच ‘पण कळायला हवं होतं’ असं स्वतःलाच सुनावतं. कुणी ते ठणकावून म्हणतं, जणू पुढे बोलायचं काही उरलंच नाही. दोघांनाही एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: माहीत नसलं तर जबाबदारी सुटते का? एका बहीण-भावाच्या भेटींमध्ये हे दोन्ही सूर एकत्र आले. त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

आधी बहीण आली. वडील तिच्याकडेच राहतात. हृदयाच्या दुखण्यासाठी त्यांना रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू होतं. त्यांचा गुडघा धरला, म्हणून तिने घरात असलेली दुखण्यावरची गोळी त्यांना आठवडाभर रोज दिली. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर अशा बऱ्याचशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तिला याची कल्पना नव्हती. वडिलांना काळी शौच झाली, चक्कर येऊन ते पडले, रक्त चढवावं लागलं. ते सावरले. पण तिची झोप उडाली. “मॅडम, माझ्या हाताने दिली मी ती गोळी,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भावाने फोनवर विचारलं होतं, “ताई, एवढं साधं कळलं नाही तुला?”

घरातले बाकीचे तिला समजावत होते, ‘तुझी काहीच चूक नाही.’ मी तसं म्हटलं नाही. असा सरसकट दिलासा अपराधी मनाला पटत नाही, उलट आपलं कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही असं वाटतं. मला आधी तिचं न कळणं कसलं होतं ते पाहायचं होतं.

म्हणून मी दिवसांचा हिशेब मांडायला घेतला. औषध सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? ती खोलीत नव्हती. वडिलांना सांगितलं गेलं होतं, ते विसरले. (वडिलांचाही यात थोडा वाटा आहे, पण आजारी माणसाकडे बोट दाखवायला घरात कुणी धजावत नाही.) पहिल्या दिवशी गोळी देताना तिच्या मनात शंका आली होती का? नाही. मग चौथ्या दिवशी काय झालं होतं? ती बराच वेळ गप्प बसली. त्या संध्याकाळी वडील म्हणाले होते, पोटात जळजळतंय. डॉक्टरांना विचारावं असं तिच्या मनात आलं, पण कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं.

“म्हणजे चौथ्या दिवसापासूनचं माझं,” ती म्हणाली आणि रडली. पण त्या रडण्यात आधीची घुसमट नव्हती. ‘सगळं माझ्यामुळे’ या आरोपाला आरंभ-शेवट नसतो; एका संध्याकाळी राहून गेलेल्या फोनची जबाबदारी माणूस घेऊ शकतो.

आज जे उघड दिसतं ते तेव्हाही दिसत होतं, असं आपल्याला वाटत राहतं. १९७५ मध्ये बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाची हकिकत वाचायला दिली. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट खरा म्हणून सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. म्हणून ‘कळायला हवं होतं’ असं मनात आलं की तिथेच थांबू नका, पुढचं विचारा: कोणत्या दिवशी, कशावरून? उत्तर मिळालं तर तेवढा भाग आपला. नाही मिळालं, तर तो दोष आपण नंतर कळलेल्या गोष्टीच्या आधारे मागे नेऊन चिकटवतो आहोत.

पुढच्या भेटीला भाऊही आला. मी त्याला विचारलं, “वडिलांना सध्या कोणकोणती औषधं सुरू आहेत?” तो म्हणाला, “ते ताई बघते. मला काय माहीत?”

रक्तस्राव त्याच्यामुळे झाला नाही, हे खरं. तरीही मला त्याचं न कळणं जास्त गंभीर वाटतं, आणि मी त्याला तसं सांगितलं. हृदयाचं दुखणं त्याला ठाऊक होतं. रोजच्या फोनवर एकदा विचारलं असतं, तर ताईने सगळी नावं सांगितली असती. न विचारल्यामुळे तो दगदगीपासून लांब राहिला, निर्णयापासून लांब राहिला, आणि वर न्यायाधीशाच्या जागी बसायला मोकळा झाला. ॲरिस्टॉटलनेही हा फरक केला होता: निष्काळजीपणातून आलेलं अज्ञान तो माफ करत नाही, कारण काळजी घेणं त्या माणसाच्याच हातात होतं. कायदाही साधारण असाच चालतो. परिस्थितीबद्दल झालेला प्रामाणिक गैरसमज पुष्कळदा ऐकून घेतला जातो. ‘नियमच माहीत नव्हता’ हे सहसा चालत नाही, नाहीतर डोळे मिटून राहणाऱ्याचाच फायदा व्हायचा.

तो चिडला. “मग मी काय करायला हवं होतं?” मी म्हटलं, मागचं राहू द्या, आता तुम्हाला माहीत झालं आहे. दोष कुणाचाही ठरो वा न ठरो, वडिलांची काळजी घेणं दोघांकडेही उरतंच. त्याने तिथेच ताईकडून औषधांची यादी लिहून घेतली. डॉक्टरांची पुढची भेट त्याने स्वतःकडे घेतली. नवीन कोणतीही गोळी, साध्या डोकेदुखीची असली तरी, विचारल्याशिवाय द्यायची नाही हे दोघांचं ठरलं. ताईने डॉक्टरांना चौथ्या दिवसाच्या जळजळीबद्दलही मोकळेपणाने सांगितलं.

तिला आता बऱ्यापैकी झोप लागते. फोनवरच्या त्या वाक्याबद्दल भावाने अजून माफी मागितलेली नाही. तिला ती हवी आहे, आणि तसं त्याच्यासमोर कसं म्हणायचं याची तयारी आम्ही सध्या करतो आहोत.