पोर्तुगालमध्ये दहा दिवस : काय पाहावे आणि काय सोडावे

प्रश्न : आम्ही वसईचे. लहानपणापासून किल्ल्यातली पडकी चर्चे आणि दगडांत कोरलेली पोर्तुगीज राजचिन्हे पाहत आलो, त्यामुळे ती माणसे जिथून आली तो देश एकदा पाहावा, ही फार दिवसांची इच्छा आहे. येत्या एप्रिलमध्ये मी, माझे पती आणि बहात्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई दहा दिवसांसाठी पोर्तुगालला जाणार आहोत. लिस्बन, सिंत्रा, इव्होरा, फातिमा, कोइंब्रा, पोर्तो, अल्गार्व्हचा किनारा आणि जमल्यास मदैरा बेट अशी यादी केली आहे. हे सारे होईल का? सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात.

उत्तर : होईल, पण त्यातले निम्मे दिवस सामान बांधण्यात आणि गाड्या पकडण्यात जातील, म्हणून यादी निम्मी करावी असे मी आपल्याला मनापासून सुचवेन. मदैरा अटलांटिक महासागरात असून तिथे विमानाने जावे लागते, ती स्वतंत्र सहल आहे. अल्गार्व्हचे चुनखडीचे कडे सुंदर आहेत यात शंका नाही, परंतु एप्रिलमध्ये तिथले पाणी चांगलेच गार असते आणि तो किनारा निवांत राहण्याचा आहे, धावत पाहण्याचा नव्हे. लिस्बनला पाच रात्री, कोइंब्राला एक आणि पोर्तोला तीन अशी आखणी केलीत, तर दोनदाच खोली बदलावी लागेल आणि ही तिन्ही शहरे एकाच मुख्य रेल्वेमार्गावर असल्याने गाडीचा प्रवासही सुखाचा होईल. लिस्बन ते पोर्तो हे अंतर वेगवान गाडीने साधारण तीन तासांचे आहे.

आपण वसईच्या आहात, म्हणून लिस्बनमधल्या बेलेम भागाला एक संपूर्ण दिवस द्या. तिथल्या जेरोनिमोस मठाचे काम राजा मनुएल याच्या काळात, 1501 साली सुरू झाले आणि आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के कराचा पैसा त्यात ओतला गेला. म्हणजे मलबारच्या मिरीचा त्या दगडांत मोठा वाटा आहे. पांढऱ्या चुनखडीच्या खांबांवर जहाजाचे दोरखंड, गाठी आणि वेली कोरलेल्या आहेत. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी लागते. त्याचा मृत्यू 1524 साली कोचीला झाला, पुढे अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या आणि 1880 मध्ये त्या इथे आणल्या गेल्या. पण तेवढ्यावर परत फिरू नका. वेदीजवळ जा, तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांचा भार संगमरवरी हत्तींनी पाठीवर पेललेला आहे. लिस्बनच्या राजाच्या थडग्याखाली हत्ती पाहताना आपल्याकडच्या माणसाला जे वाटते, ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

जवळच नदीकाठी बेलेमचा मनोरा आहे. त्याच्या एका बुरुजाच्या तळाशी झिजलेले गेंड्याचे शिल्प आहे, ते शोधून काढा. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सु द अल्बुकर्क याने राजाकडे पाठवला आणि तो 1515 च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्युररने केवळ वर्णन व रेखाटन यांच्या आधारे त्याचे जे चित्र काढले, तेच पुढे कित्येक पिढ्या युरोपला गेंडा म्हणून ठाऊक होते. मनोऱ्यात दुरुस्तीची कामे निघत असतात, त्यामुळे आत सोडतात की नाही हे आधी पाहून घ्यावे. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. तिथून जवळच दर्यावर्दींचे 1960 सालचे भव्य स्मारक आहे, त्यावर नौकेच्या पुढच्या टोकासारख्या आकारात वीर उभे केले आहेत. ते पाहताना एक गोष्ट मात्र विसरू नये, की याच वास्को द गामाने 1502 मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले होते. स्मारक ते सांगत नाही, म्हणून आपण ते मनात घेऊन जावे.

उरलेल्या लिस्बनमध्ये कार्मो मठाचे छप्पर नसलेले चर्च अवश्य पाहा. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आगी लागल्या. त्यानंतर राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने खालचे शहर सरळ रस्त्यांनी नव्याने वसवले, पण कार्मोच्या उघड्या कमानी तशाच राहिल्या. आपल्या किल्ल्यातल्या चर्चांची आठवण येईल, इतके त्यांचे रूप ओळखीचे आहे.

सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी इथेच घ्यायची आहे. लिस्बन टेकड्यांवर वसले आहे आणि पदपथांवरचे लहान पांढरे दगड पावसात फार निसरडे होतात. चांगल्या पकडीचे बूट घ्या आणि राहण्याची खोली बायशा या सपाट भागातच पाहा. सिंत्राला रोसिओ स्थानकावरून लोकल गाडीने साधारण चाळीस मिनिटे लागतात. तिथला डोंगरमाथ्यावरचा लाल-पिवळा पेना राजवाडा चढणीचा आहे आणि त्याचे तिकीट ठरलेल्या वेळेचे असते. आपण दोघे तो पाहून येईपर्यंत सासूबाईंना गावातल्या चौकातला जुना राजवाडा निवांत पाहता येईल, ज्याच्या स्वयंपाकघरावर दोन अजस्र शंकूच्या आकाराची धुराडी आहेत.

जेवणाचे म्हणाल तर, मासे आणि मांस हा तिथला मुख्य आहार आहे. ‘सें कार्ने, सें पैशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ करा. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचे सूप साधे दिसते, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, म्हणून विचारूनच घ्यावे. बेलेममध्ये 1837 पासून विकली जाणारी कस्टर्डची टार्ट सगळे आवर्जून खातात, मात्र त्यात अंडे असते, हे सासूबाईंना आधी सांगावे. ल्युमियार भागात तिथल्या गुजराती समाजाचे राधाकृष्ण मंदिर आहे. आणि दुकानाच्या पाट्या वाचताना ‘बटाटा’, ‘पांव’, ‘शाव्ह’ असे शब्द भेटतील. आपला बटाटा, पाव आणि चावी तिथूनच आली आहेत.

प्रश्न : कामानिमित्त पोर्तोला जाणे आहे आणि हाती दोनच मोकळे दिवस आहेत. दारू घेत नाही. मग पोर्तोत माझ्यासाठी काय आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पुष्कळ आहे. साओ बेंतो रेल्वे स्थानकाच्या दिवाणखान्यात उभे राहा. झोर्झे कोलासो या चित्रकाराने सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर लढाया, मिरवणुका आणि शेतीची कामे रंगवली आहेत आणि त्यांच्या खालून लोक रोजच्या घाईत गाड्या पकडत असतात. तिथे तिकीट लागत नाही. तिथून चालत दोम लुईश पुलावर जा. 1886 साली पूर्ण झालेल्या या लोखंडी पुलाचे दोन मजले आहेत, वरच्या मजल्यावरून मेट्रो धावते आणि पादचारीही जातात. संध्याकाळी तिथून दौरो नदी आणि काठावरच्या रिबैरा वस्तीची रंगीत घरे दिसतात, तेव्हा अर्धा तास तरी हलू नका.

दुसरा दिवस दौरो खोऱ्याला द्या. नदीला चिकटून जाणाऱ्या गाडीने पिन्याओपर्यंत साधारण अडीच तास लागतात, शक्यतो नदीच्या बाजूची खिडकी धरा. 1756 मध्ये सरकारने पोर्ट वाइनच्या या द्राक्षभूमीच्या सीमा आखून दिल्या आणि उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आजही हातांनी राखल्या जातात. पिन्याओ स्थानकाच्या भिंतींवरच्या फरश्यांत द्राक्षतोडणीचे प्रसंग रंगवलेले आहेत. वाइन न चाखताही हा प्रवास पूर्ण होतो.

प्रश्न : कोइंब्राला थांबावे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : थांबावे, आणि जुआनिना ग्रंथालयासाठीच थांबावे. 1290 मध्ये लिस्बनला स्थापन झालेले विद्यापीठ 1537 पासून कायमचे कोइंब्रात आहे, आणि त्याचे हे अठराव्या शतकातले ग्रंथालय सोनेरी नक्षीच्या लाकडी कपाटांनी भरलेले आहे. तिथे वटवाघळे राहतात, रात्री बाहेर येऊन पुस्तके खाणारे किडे टिपतात, म्हणून कर्मचारी संध्याकाळी मेजांवर चामड्याची आवरणे घालतात आणि सकाळी काढून झाडलोट करतात. प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकवू नये.