'लाकडी क्लब' म्हणजे कशाचं लाकूड?

प्रश्न असा आहे : जुन्या गोल्फवरचा मजकूर मराठीत आणताना 'हिकरी शाफ्ट'ला, म्हणजे क्लबच्या हिकरी लाकडाच्या लांब भागाला, काठी म्हणावं की दांडा? आणि अशा क्लबला (चेंडू मारायच्या साधनाला) नुसतं 'लाकडी क्लब' म्हटलं तर चालेल का?

दांडाच म्हणा. काठी म्हणजे अख्खी वस्तू. दांडा मात्र कुऱ्हाडीला, कुदळीला असतो तसा : वेगळा तासून बसवलेला, मोडला तर बदलता येणारा. क्लबचंही हेच होतं. शिवाय हिकरी हे अमेरिकेतलं झाड मुळात कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांसाठीच नावाजलेलं. स्कॉटलंडमध्ये आधी अ‍ॅश आणि हेझल ही लाकडं वापरत, एकोणिसाव्या शतकात हिकरीने त्यांना मागे टाकलं. 'मूठ' हा शब्द चामड्याची पट्टी गुंडाळलेल्या वरच्या भागासाठी राखून ठेवा.

'लाकडी क्लब' मात्र नको, कारण त्याने सरळ चुकीचा अर्थ लागतो. गोल्फमध्ये 'वूड' आणि 'आयर्न' हा भेद क्लबच्या डोक्यावरून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या खालच्या भागावरून पडतो, दांड्यावरून नाही : वूडचं डोकं लाकडी, आयर्नचं लोखंडी. त्या काळी आयर्नचा दांडाही लाकडाचाच असे. म्हणून 'लाकडी दांड्याचा' आणि 'लाकडी डोक्याचा' असं दर वेळी स्पष्ट लिहावं. मजकूर १९०० च्या आसपासचा असेल तर 'लाकडी दांड्याचा' हे विशेषणही बहुतेक ठिकाणी गाळता येईल. यंत्रमाग आल्यावर साध्या मागाला 'हातमाग' म्हणावं लागलं, तसंच पोलादी दांडे आल्यावर इथे झालं. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ साली मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ती १९२९ साली दिली. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सने १९३० साली चारही मोठी विजेतेपदं हिकरीच्याच दांड्यांनी मिळवली.

आता खऱ्या फसव्या शब्दांकडे. 'स्केअर्ड हेड' वाचून कोशात भीती शोधू नका. हा तिरका जोड आहे. डोक्याची मान आणि दांड्याचं टोक दोन्ही लांब तिरकी तासायची, सरस लावून एकमेकांवर चिकटवायची आणि वरून डांबर चोळलेला दोरा घट्ट गुंडाळायचा. या गुंडाळीला 'व्हिपिंग' म्हणतात. इथे चाबकाचा संबंध नाही, 'दोऱ्याची गुंडाळी' म्हणावं. ती सैल झाली की सरसावर सगळा ताण येतो आणि जोड उकलतो. पुढे डोक्यातच भोक पाडून दांडा आत बसवायला लागले, तरी गुंडाळी राहिलीच.

आयर्नमध्ये दांड्याचं निमुळतं टोक लोखंडी मानेत बसवून आरपार खिळा मारलेला असतो. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि डोकं खडखडतं. पाण्यात बुडवलं तर लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट होतं, पण वाळल्यावर पुन्हा सैल पडतं आणि खिळा गंजतो तो वेगळाच.

'टॉर्क'साठी मराठीत 'पीळ' हा सुरेख शब्द तयार आहे. दांडा लवतो ते वेगळं, पीळ खातो ते वेगळं. हिकरी पोलादापेक्षा जास्त पीळ खाते. जोर लावून फटका मारला की डोकं मागे राहून बाहेरच्या बाजूला वळतं आणि चेंडू भरकटतो. म्हणूनच तिच्याशी खेळताना लय संथ ठेवावी लागते. लाकडाचे तंतूही टोकापासून टोकापर्यंत सरळ हवेत, मध्येच बाजूला निसटले तर तिथूनच चीर जाते.

ब्रासी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक ही जुन्या क्लबांची नावं जशीच्या तशी ठेवा. ब्रासीच्या तळाला पितळी पट्टी असते, स्पूनची चेंडूला लागणारी बाजू खोलगट असे, क्लीक म्हणजे स्कॉट बोलीत आकडा. मॅशीला आजच्या क्रमांकांप्रमाणे 'पाच नंबर' आणि निब्लिकला 'नऊ नंबर' म्हणणं ढोबळ तुलनेपुरतं ठीक, पण अनुवादात ते काळाशी विसंगत ठरतं. नंबर रुळले ते पोलादी दांड्यांच्या संचांबरोबर.

एका नावाला मात्र अस्सल मराठी शब्द मिळतो. 'रट आयर्न' किंवा 'ट्रॅक आयर्न' हा लहान गोल डोक्याचा, जड क्लब. गाडीच्या चाकांनी पडलेल्या चरात चेंडू अडकला तर तो काढायला हा वापरत, डोकं चरात मावावं म्हणून आटोपशीर. त्या चराला आपल्याकडे चाकोरी म्हणतात. याला बेलाशक 'चाकोरीचा क्लब' म्हणा, आणि पहिल्या उल्लेखाशी 'ट्रॅक आयर्न' हे नावही द्या.