लाईट संपल्यावर वर्षभराने रक्त पडतंय, तर मूळव्याधीच्या ऑपरेशनआधी हे वाचा

दादा, तुम्ही लिहिलंय की आईंच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे लाईट (म्हणजे रेडिएशन, किरणांचे उपचार) संपून सव्वा वर्ष झालं, महिनाभर संडासला लाल रक्त पडतंय, जवळच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून ऑपरेशनची तारीख दिलीय आणि घरात सगळ्यांना कॅन्सर उलटल्याची धास्ती बसलीय. पहिली गोष्ट, ती तारीख पुढे ढकला. दुर्बिणीने आतून बघितल्याशिवाय आणि लाईटची फाईल वाचल्याशिवाय त्या जागी कोणालाही कापू देऊ नका, बांधू देऊ नका. मी डॉक्टर नाही. पण हेच लाईट बाहेरून आणि आतून, दोन्ही घेतलेत आणि नंतर हाच त्रास काढलाय, म्हणून कळकळीने सांगतेय.

गर्भपिशवीचं तोंड आणि गुदाशयाची पुढची भिंत अगदी लागून असतात. किरण कितीही जपून दिले तरी त्या भिंतीला झळ लागतेच. पुरुषांना प्रोस्टेटच्या लाईटनंतर हेच होतं, कारणही तेच. लाईट चालू असताना आणि पुढचे दोन-तीन महिने जे जुलाब, आव, सारखी कळ येणं चालतं, ती वरच्या अस्तराची सूज. ती बहुतेकांची आपोआप उतरते. आईंचं दुखणं वेगळं दिसतंय. किरणांमुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आखडत जातात, अस्तराला रक्त कमी पडतं, आणि ती तूट भरून काढायला शरीर नव्या वाहिन्या तयार करतं. या नव्या वाहिन्या फार नाजूक. खडा झाला, कुंथलं, की फुटतात. याला रेडिएशन प्रॉक्टायटिस म्हणतात. तो बहुधा लाईटनंतर नऊ महिने ते दीड वर्षाच्या सुमारास डोकं वर काढतो, कधी कधी कितीतरी वर्षांनीही. म्हणजे आईंची वेळ यात बसते. तरी नुसत्या वेळेवरून ठरवायचं नाही. मूळव्याधही असू शकते, नवी गाठही असू शकते. म्हणून दुर्बीण हवीच.

पोटविकाराच्या डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्डासोबत रेडिएशनची समरी न्या. किती सिटिंग झाल्या, किती डोस गेला, आतून किती वेळा दिलं, सगळं त्यात असतं. दुर्बीण करणाऱ्यांना टेबलावर जायच्या आधी तोंडानेही सांगा. लाईट लागलेल्या भिंतीचा तुकडा तपासणीला सहज म्हणून काढत नाहीत. तिथली जखम लवकर भरत नाही, चिघळते, क्वचित योनीकडे आरपार भोक पडतं. मूळव्याधीच्या ऑपरेशनचा धोकाही हाच. खरंच शंका असेल तर तुकडा घेतात, पण ते लाईटवाल्या डॉक्टरांशी बोलून.

उपचाराचं म्हणाल तर रक्त थोडं असेल आणि हिमोग्लोबिन टिकून असेल तर बरेचदा नुसतं संडास मऊ ठेवून वाट बघतात. बऱ्याच जणांचं काळानुसार कमी होतं. त्याच्या पुढची पायरी सुक्राल्फेटचा एनिमा, म्हणजे ते औषध संडासच्या वाटेने आत सोडणं. हे तेच गुलाबी-पांढरं औषध, अल्सरवाले पितात ते. चंडीगडच्या पीजीआय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गोळ्या अधिक स्टेरॉइडचा एनिमा आणि नुसता सुक्राल्फेटचा एनिमा यांची तुलना १९९१ साली छापली. त्यात सुक्राल्फेटने आराम जास्त आणि सोसायलाही सोपं, असं निघालं. तिथे २ ग्रॅम औषध दिवसातून दोनदा देत होते. आईंचं प्रमाण मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

घरी द्यायची रीत सांगते, कारण दवाखान्यात ही कोणी नीट सांगत नाही. आधी संडासला जाऊन यायचं. गादीवर रबरी कापड, त्यावर जुनी चादर. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. बाटली हातात धरून कोमट करायची, थंडगार औषधाने लगेच कळ येते. नळीच्या टोकाला जेल लावून अलगद आत, जोर अजिबात नको, आणि औषध सावकाश सोडायचं. मग अर्धा तास तरी तसंच पडून राहायचं. सुरुवातीला पाच मिनिटांत बाहेर येतं, त्याने खचू नका, रोज थोडं जास्त थांबतं. रात्री झोपताना दिलेलं सगळ्यात चांगलं टिकतं. फरक दिसायला आठवडे लागतात.

त्यानेही थांबलं नाही तर आरगॉन वायूच्या मशीनने दुर्बिणीतूनच त्या फुटक्या वाहिन्या शेकून बंद करतात. एकदोनदा परत करावं लागतं. त्याआधी पोट पूर्ण साफ करायला सांगतील, त्यात कसूर करू नका, कारण आतल्या वायूने पेट घेण्याचा धोका असतो. फॉर्मेलिनचा बोळा लावायचीही पद्धत आहे. बंद खोलीत जास्त दाबाने देतात त्या ऑक्सिजनचं कोणी सांगितलं तर हे बाकी सगळं झाल्यावर बघा, तो खर्चिक आहे आणि अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संडास काळी होते, त्याला घाबरू नका. पण गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट झाली, रक्ताच्या गाठी पडल्या, चक्कर आली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारायचं.

जेवणात मी कोंडा, तिखट, कच्ची कोशिंबीर कमी केली. मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, रात्री इसबगोल भरपूर पाण्यातून. दुधाने पोट बिघडत असेल तर ताकावर या. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा आणि सोडवा. रक्त थांबूनही जुलाब चालूच राहिले तर दोष वरच्या आतड्याचा असू शकतो, पित्तरस नीट शोषला न जाणं वगैरे. त्याला वेगळं औषध आहे, म्हणून 'लाईट घेतलेत, आता असंच चालायचं' या उत्तरावर थांबू नका.

जाता जाता, खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर लाईट लागलेल्या बायकांचा अभ्यास केला, तो २०२१ साली आला. इमेज बघून नेमके दिलेले लाईट घेतलेल्यांत तीन वर्षांत आतड्याचा मध्यम ते मोठा त्रास सुमारे २१ टक्के, आधीच्या पद्धतीत सुमारे ४२. ज्यांचे लाईट अजून सुरू व्हायचेत त्यांनी आयएमआरटी, म्हणजे असे नेमके लाईट द्यायची पद्धत, मिळेल का, हे विचारूनच घ्यावं.

आणि आई मुलाला सगळं सांगणार नाहीत. बहिणीला किंवा वहिनींना एकटीने बसून विचारू द्या: घाईची कळ येऊन कपड्यात होतं का, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला संडासचा वास येतो का, पुढच्या वाटेने वारा सरतो का. शेवटच्या दोनपैकी एकाचंही उत्तर हो आलं तर वर सांगितलेलं योनीकडचं भोक असू शकतं, तेव्हा पोटविकाराच्या तारखेची वाट न बघता थेट कॅन्सरच्या डॉक्टरांना गाठा. दुर्बिणीत काय निघालं ते इथेच लिहा, रिपोर्टमधला शब्द न शब्द, मी बघते.